पुरावा कोणी द्यायचा? 'एव्हिडन्स' या एका शब्दाचा आपला इतिहास

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग भरतो. कधी दहा-बारा जण येतात, कधी तिघेच. मागे आम्ही बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड वाचायला घेतला. अनुक्रमणिकेत साउथबरो समितीपुढच्या निवेदनाचे नाव आले आणि त्या नावात 'एव्हिडन्स' हा शब्द होता. बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने लगेच विचारले, "दादा, एव्हिडन्स म्हणजे पुरावा ना? मग बाबासाहेबांनी समितीला कोणता पुरावा दिला? कागद दिले का?"

आम्ही सांगितले की इथे एव्हिडन्स म्हणजे साक्ष. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, "मग साक्ष आणि पुरावा एकच का?" याला आमच्याकडे धड उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. केले, मोर्चे काढले, तक्रारी लिहून दिल्या, पण रोज तोंडात येणाऱ्या या शब्दाचा विचार कधी केला नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

कोणी म्हणेल, एका इंग्रजी शब्दाचा एवढा कीस कशाला? कारण "पुरावा आहे का?" हा प्रश्न आपल्या समाजाला जन्मभर पुरतो. तो पोलीस ठाण्यात ऐकावा लागतो, जातीच्या दाखल्यासाठी ऐकावा लागतो आणि आता मोबाईलवरच्या वादातही ऐकावा लागतो. इतक्या वेळा विचारला जाणारा प्रश्न आपण एकदा उलटून पाहायला नको का?

शब्द आणि त्याचे भाऊबंद

एव्हिडन्स हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याच्या पोटात 'पाहणे' हा धातू आहे. जे डोळ्यांना स्पष्ट दिसते ते एव्हिडंट. आपल्या खिशातल्या 'व्हिडिओ'चे मूळही तेच. आपल्याकडच्या 'साक्ष' शब्दातही अक्ष, म्हणजे डोळा, आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षीदार. भगवान बुद्धांच्या धम्माचे एक वर्णन 'एहिपस्सिको' असे आहे. म्हणजे या आणि स्वतः पाहा. तीन भाषा, पण तिघी पुराव्याचे नाते डोळ्यांशी जोडतात.

आता इंग्रजीतले भाऊबंद पाहू. 'प्रूफ' म्हणजे तपासून सिद्ध झालेली गोष्ट, त्याचे मूळ पारखण्यात आहे. 'टेस्टिमनी' म्हणजे माणसाने तोंडाने दिलेली साक्ष. 'बिलीफ' म्हणजे विश्वास, तो पुराव्याने बसतो आणि पुराव्याशिवायही बसतो. 'फेथ' म्हणजे श्रद्धा. आणि 'कन्व्हिक्शन' हा तर दुहेरी शब्द आहे. मनाची पक्की खात्री म्हणजे कन्व्हिक्शन आणि आरोपी दोषी ठरणे म्हणजेही कन्व्हिक्शन. मराठीतही दाखला, सबूत, प्रमाण, साक्ष, जबानी असे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. शाळेचा दाखला हा कागद आहे. साक्षीला मात्र जिवंत माणूस लागतो.

एव्हिडन्स हा शब्द कागद आणि माणूस या दोघांनाही पोटात घेतो. म्हणून त्या मुलीचा गोंधळ उडाला. आणि आमच्या मते खरा इतिहास या गोंधळातच दडलेला आहे. कागद खरा की खोटा हे तपासता येते. पण माणसाच्या बाबतीत आधी वेगळाच प्रश्न येतो: याचे ऐकायचे की नाही?

ज्याची जात, त्याची साक्ष

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. ती का जाळली, हे विचारले तर आपली मुले शिक्षणबंदी, स्त्रियांची गुलामी अशी कारणे सांगतात. ती बरोबरच आहेत. पण त्या ग्रंथाचा आठवा अध्याय न्यायदानाचा आहे आणि त्यात साक्षीचे नियम आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तिथे सांगितले आहे की स्त्रियांच्या साक्षीदार स्त्रियांनी व्हावे, द्विजांचे द्विजांनी, शूद्रांचे शूद्रांनी आणि अंत्यजांचे अंत्यजांनी. निर्जन जागी गुन्हा घडला तर काही अपवाद आहेत, पण मूळ नियम हा. याचा व्यवहारात अर्थ काय? वरच्या जातीच्या माणसाने केलेला गुन्हा महाराने डोळ्यांनी पाहिला, तरी त्याचे पाहणे त्या वादात पाहणे ठरत नाही. डोळे आहेत, पण साक्ष नाही. पुढे असेही म्हटले आहे की निर्लोभी असा एक पुरुष साक्षीला चालेल, पण शुद्ध चारित्र्याच्या अनेक स्त्रिया चालणार नाहीत. शपथेतही वर्ण पाहिला आहे. ब्राह्मणाने आपल्या सत्याची शपथ घ्यायची आणि शूद्राला सगळ्या पातकांचे भय घालून शपथ द्यायची.

म्हणजे इथे पुरावा तपासण्याआधी माणूस तपासला जातो आणि माणूस तपासायचा तो जन्मावरून. कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा हे खटल्याच्या आधीच ठरलेले असते.

१८७२: कायद्याने केलेली व्याख्या

१ सप्टेंबर १८७२ पासून भारतीय पुरावा कायदा लागू झाला. त्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केला. इंग्रजांनी तो आपल्या उद्धारासाठी केला नव्हता, त्यांना राज्य चालवायचे होते. पण त्यातल्या तीन गोष्टी आपल्या दृष्टीने फार महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली गोष्ट कलम ११८ ची. न्यायालयाचे प्रश्न समजून त्यांची सुसंगत उत्तरे देऊ शकणारी प्रत्येक व्यक्ती साक्षीला पात्र आहे. त्यात जातीचा उल्लेख नाही, स्त्री-पुरुष भेद नाही.

दुसरी गोष्ट कलम १०१ ची. जो हक्क सांगतो, त्याने त्या हक्काचा आधार असलेली गोष्ट सिद्ध करायची. यालाच सिद्ध करण्याचा भार म्हणतात.

तिसरी गोष्ट कलम ३ मधली, आणि ती आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. एखादी गोष्ट 'शाबीत' झाली असे केव्हा म्हणायचे? समोर आलेल्या सगळ्याचा विचार करून न्यायालयाचा त्या गोष्टीवर विश्वास बसला, किंवा समंजस माणूस ती खरी धरून वागेल इतकी ती संभवनीय वाटली, तेव्हा. पाहा, कायद्याने पुराव्याची कसोटी शेवटी विश्वासावर आणून ठेवली. प्रूफ आणि बिलीफ एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत. पुरावा म्हणजे शेवटी कोणाला तरी पटवणे. मग प्रश्न उरतो की ज्याला पटवायचे तो कोण आहे आणि त्याच्या डोक्यात आधीपासून काय भरलेले आहे?

१ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, पण या तीन गोष्टींचा गाभा कायम राहिला.

अफवेला पुरावा लागला नाही

आता महाडला येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला. पण त्या कागदाच्या जोरावर तळ्यावर जाण्याची सोय नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. ही अफवा कोणी तपासली? कोणी साक्षीदार मागितला? कोणी नाही. परिषद संपवून जेवत असलेल्या, गावाकडे निघालेल्या आपल्या माणसांवर लाठ्या चालवायला तेवढी अफवा पुरेशी झाली. पुढे खटला होऊन काही हल्लेखोरांना शिक्षा झाली. पण तळे बाटले या समजुतीचा पुरावा कोणीच मागितला नाही. १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. त्याच तळ्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती पाणी भरत होते, गुरे पाणी पीत होती. तेव्हा ते बाटले नव्हते.

ज्याच्या हातात सत्ता असते, त्याच्या नुसत्या समजुतीला पुराव्याचा मान मिळतो. ज्याच्या हातात ती नसते, त्याच्या पुराव्यालाही नुसता आरोप म्हटले जाते. महाडच्या त्या दोन दिवसांत हे उघड्यावर दिसले.

दहा वर्षांना तीन दिवस कमी

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी दुसरी परिषद भरायची होती. त्याआधी, १२ डिसेंबरला, काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषदेला जमलेले लोक सत्याग्रहाला उतावीळ होते, पण बाबासाहेबांनी हुकूम मोडू दिला नाही. लढाई तळ्याच्या काठावरून न्यायालयात गेली.

वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, तळे खासगी आहे, स्पृश्यांच्या मालकीचे आहे. दोन, अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. मालकीचे म्हणणे टिकले नाही, तळे नगरपालिकेचे ठरले. उरली वहिवाट.

इथे पुरावा कायद्याने आपला गुण दाखवला. हक्क सांगणारे ते होते, म्हणून सिद्ध करण्याचा भारही त्यांच्यावर होता. बाबासाहेबांना असे सिद्ध करायचे नव्हते की आमचे आजोबा-पणजोबा इथे पाणी पीत होते. ते सिद्ध करणे अशक्यच होते, कारण कोणी पिऊच दिले नव्हते! वादींना मात्र सिद्ध करायचे होते की त्यांना अडवण्याचा हक्क आहे. अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते, एवढे साक्षीतून पुढे आले. पण 'ते येत नव्हते' ही एक गोष्ट आणि 'त्यांना अडवण्याचा आमचा अनादी हक्क आहे' ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप शाबीत होत नाही.

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने अपील फेटाळले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल कायम केला. अनादी वहिवाट शाबीत झाली नाही, असा तो निकाल होता. तळ्याला ओंजळ लावल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

पण भाबडेपणाने हा निकाल वाचू नका. न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली नाही. वहिवाट सिद्ध झाली नाही, एवढेच म्हटले. ती सिद्ध झाली असती तर ती अन्यायकारक आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, हा प्रश्न पुढे आला असता. तो आलाच नाही. म्हणजे आपण जिंकलो ते समोरच्याचा पुरावा कमी पडला म्हणून. समजा एखाद्या गावात सवर्णांकडे भक्कम जुने कागद निघाले असते तर? मग माणसाला पाणी नाकारणे 'शाबीत' हक्क ठरला असता का? पुराव्याच्या लढाईची मर्यादा इथे दिसते. जुना अन्याय जितका जुना, तितका त्याचा पुरावा भक्कम. म्हणून केवळ पुरावा कायदा पुरेसा नव्हता, मूल्य बदलणारे संविधान हवे होते.

भार हलवला तो असा

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आता कितीही जुनी वहिवाट दाखवा, तिचा उपयोग नाही. पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला, आज आपण त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. त्याचे कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलेले असावे. या कायद्याखालचे गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते, हे समोरच्याने दाखवायचे.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यातही एक गृहीतक जोडले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला वैयक्तिक ओळखत असेल, तर त्याला पीडिताची जात माहीत होती असे न्यायालय धरील. "मला जात माहीत नव्हती" ही पळवाट त्यामुळे अरुंद झाली. त्याच दुरुस्तीने कलम १५-अ आणले, ज्यात पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आहेत, संरक्षण आहे.

मनूने भार जन्मावर टाकला होता. १८७२ ने तो हक्क सांगणाऱ्यावर टाकला. १९५५ ने आणि २०१५ ने त्याचा काही भाग अन्याय करणाऱ्याच्या खांद्यावर ठेवला. एव्हिडन्स या शब्दाचा आपल्यासाठी इतिहास तो हाच. कोणी मेहरबानी म्हणून हा भार हलवला नाही. मार खाऊन, दावे लढवून, संविधान लिहून तो हलवावा लागला.

तरीही खैरलांजी

मग सगळे सुरळीत झाले का? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा शाबीत धरला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी जन्मठेप दिली, आणि हत्येमागे जात नसून सूड होता, हीच भूमिका घेतली.

सूड कशाचा? त्या घरातल्या मायलेकींनी आधीच्या एका मारहाणीत हल्लेखोरांना ओळखून पोलिसांना जबाब दिला होता. म्हणजे त्यांनी साक्ष दिली होती. आमचा प्रश्न साधा आहे. दलित स्त्रीने गावातल्या बड्यांविरुद्ध साक्ष दिली, म्हणून तिच्या घरादाराचा जीव घेतला जातो, तेव्हा सूड कुठे संपतो आणि जात कुठे सुरू होते? अंत्यजाने आपल्यापुरतीच साक्ष द्यावी, हा नियम ग्रंथात जळाला, पण काही डोक्यांत तो अजून शाबूत आहे. हत्या सिद्ध होते, जात सिद्ध होत नाही. कारण ज्याने जात कधी सोसली नाही, त्याला ती दिसत नाही. आणि एव्हिडन्स म्हणजे जे दिसते ते!

रोजच्या जगण्यातही भार पुष्कळदा आपल्याकडेच परततो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या पणजोबाला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला पणतूने शोधायचा. ज्याला जमीन ठेवू दिली नाही, त्याच्या नावाचा उतारा आणायचा.

आपली बाजू आपणच तपासू

इथवर आपल्या मनासारखे लिहिले. आता थोडे कडू. दुसऱ्याकडे पुरावा मागणारे आपण स्वतः पुराव्याला किती मान देतो? बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये रोज फिरतात. इतिहासाची विलक्षण विधाने आपण न वाचता पुढे ढकलतो आणि कोणी आधार विचारला की त्यालाच मनुवादी ठरवतो. मग वीरेश्वराच्या अफवेत आणि आपल्या फॉरवर्डमध्ये फरक काय राहिला?

बाबासाहेबांची रीत अशी नव्हती. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी गटेचा आधार घेऊन सांगितले आहे की संशोधकाने स्वतःला ज्युरीवर बोलावलेला माणूस समजावे. खरे-खोटे, निश्चित-अनिश्चित वेगळे करावे आणि पुरावा पाहून मत द्यावे. जिथे दुवे तुटले होते तिथे त्यांनी तर्काने दुवा जोडला, पण हा तर्क आहे हे उघड सांगून. कालामांना भगवान बुद्धांनी हेच सांगितले. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावर धरून चालू नका. हा उपदेश आपल्या बाजूच्या ग्रंथांना आणि गुरूंनाही लागू आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, काही साध्या सवयी लावा. अन्याय घडला की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, हजर माणसांची नावे लिहून ठेवा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या. व्हिडिओ फिरवत बसण्यापेक्षा ज्या फोनवर तो काढला तो फोन जपा, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, साक्षीदाराला एकटा सोडू नका. मोर्चाला हजार जण येतात, तारखेला साक्षीदारासोबत बसमध्ये बसायला दोघे मिळत नाहीत. पुष्कळ साक्षीदार फितूर होतात ते पैशाने कमी आणि एकटेपणाने जास्त, असा आमचा अनुभव आहे.

त्या मुलीला उत्तर

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे बाबासाहेब उभे राहिले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यांनी लेखी निवेदन दिले, तर्क मांडले. पण त्या दिवशीचा सर्वांत मोठा पुरावा तो माणूस स्वतः होता. अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यच मांडू शकतो, हे तो मांडत होता आणि मांडता मांडता सिद्धही करत होता. ज्याला शतकानुशतके साक्ष नाकारली होती तो साक्ष देत होता, आणि समितीला ती नोंदवून घ्यावी लागत होती. म्हणून मुली, तिथे साक्ष आणि पुरावा एकच होते.

आणि विश्वासाचे काय? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्म स्वीकारला. मध्ये २१ वर्षे तपासणी चालली. म्हणून बावीस प्रतिज्ञांत सद्धम्माबद्दल बोलताना 'खात्री' हा शब्द आला आहे. श्रद्धा न तपासताही ठेवता येते. खात्री तपासल्यावरच पटते.

पुढच्या रविवारी वर्गात हेच सांगणार आहोत. ती मुलगी तिसरा प्रश्न विचारील, याचीही आम्हाला खात्री आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.